महिन्याला किती लागतात?

बालाघाट

परवा गावाकडून शेजारच्या अण्णांच्या मुलीचा फोन आला. बारावी झाली, सीईटीत बरे गुण पडलेत, फार्मसीला पुण्यात यायचं म्हणते. पहिलाच प्रश्न, "दादा, महिन्याला किती लागतात?"

आकडा तोंडावर आला होता, पण सांगितला नाही. "उद्या नीट बोलू" म्हणून फोन ठेवला. कारण २०१६ साली मीसुद्धा हेच विचारलं होतं. मला आकडा बरोबर सांगितला गेला होता आणि तरी पहिल्या तीन महिन्यांत माझी पार दैना झाली. पैसे ज्या महिन्यात लागतात त्या महिन्यात घरात नसतात, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आमची लातूर जिल्ह्यात साडेचार एकर कोरडवाहू. सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या मध्ये निघतं, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. वर्षात रोख रक्कम घरात दिसते ती या दोन वेळांना. जून उजाडेपर्यंत कणगी आणि खिसा दोन्ही रिकामे झालेले असतात. त्यात बियाण्याच्या बॅगा, खताची पोती, ट्रॅक्टरची नांगरट-मोगडा, पीककर्जाचं नवं-जुनं. नेमकं त्याच महिन्यात कॉलेजची फी, कॉटचं डिपॉझिट, मेसचा पहिला महिना, गादी, बादली, वह्या हे सगळं एकदम दारात उभं राहतं. महिन्याचा हिशेब बरोबर असूनही पहिल्या दिवशीच पाय घसरतो.

त्यातून ते २०१६ साल. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आमचं रान सलग दोन वर्षं करपलेलं. आईनं दोन शेळ्या विकल्या, मामानं दोन हजार दिले, असे मिळून साडेआठ हजार घेऊन मी स्वारगेटला उतरलो. सदाशिव पेठेत चार जणांच्या खोलीत कॉट मिळाली, सोळाशे रुपये. डिपॉझिट तीन हजार. मेस दोन वेळची बावीसशे, आगाऊ. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे सतराशे उरले होते आणि पुस्तकं घ्यायची होती.

मग मी तेच केलं जे बहुतेक पोरं करतात. मेस एक वेळची केली, बाराशेवर आणली. रात्री पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि कटिंग. रूमवरच्या पोरांना सांगायचं, "माझी भूकच मेलीय रे." घरी सांगायचं, "मेस एकदम भारी आहे." तीन महिन्यांत तीन हजार वाचवले. ऑक्टोबरात तापानं आठ दिवस आडवा झालो, तपासण्या आणि औषधं मिळून सव्वीसशे गेले, अंतर्गत परीक्षेचे दोन पेपर बुडाले. जेवण तोडून वाचवलेले पैसे दवाखान्यानं जवळजवळ पैशाला पैसा परत घेतले. ते पेपर काही परत मिळाले नाहीत.

म्हणून त्या मुलीला मी सगळ्यात आधी हे सांगणार आहे: कशातही काटकसर कर, पण ताटात करू नकोस. पुस्तकं जुनी चालतात, अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीत मिळतात, वर्ष संपलं की परत विकताही येतात. मोबाईल जुना चालतो. चालत जाता येतं. एका वेळचं जेवण मात्र कुठूनही भरून निघत नाही.

दिवाळीनंतर बरं होईल असं वाटत होतं. सोयाबीन विकलं आणि आठ नोव्हेंबरला नोटबंदी. अडत्यानं चेक दिला, वडिलांचं खातं जिल्हा बँकेत, तिथं दिवसभर रांगेत उभं राहून हजार-दोन हजार हातात पडायचे. पैसे खात्यावर होते आणि मुलगा पुण्यात उपाशी. त्या वेळी मला तारलं मेसच्या काकूंनी. दोन महिने एक रुपया न घेता दोन्ही वेळ जेवायला घातलं. मी त्यांना महिना भरायच्या आठ दिवस आधी जाऊन सांगितलं होतं की काकू, पैसे येणार आहेत पण कधी ते माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आधी सांगितलंस ना, मग बस जेवायला."

पुढच्या फेब्रुवारीत तूर विकली तेव्हा वडिलांशी पहिल्यांदा या विषयावर बोललो. त्यातले बारा हजार पोस्टात वेगळे टाकले आणि त्यांना नाव दिलं, जूनचे पैसे. काहीही झालं, बैल आजारी पडला तरी, त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी पहिल्यांदा दोन वेळच्या मेसचे पैसे पहिल्या तारखेला भरले. आमचं उत्पन्न एका रुपयानंही वाढलं नव्हतं.

तर तुम्ही सांगा. तुमच्या घरी पैसा कधी यायचा, कॉलेजला कधी लागायचा आणि मधला काळ कसा काढलात? आणि मुलींसाठी काही वेगळं असेल तर ते मला नक्की माहीत नाही, तेही सांगा.

सांजवात

दादा, ताटाचं वाचून राहवलं नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातली, पुण्यात हॉस्टेलवर पाच वर्षं काढली. मुलींचं वेगळं असतं का विचारलंत. असतं. पहिलं म्हणजे मुलगी कमी जेवते हे कोणाला खटकतच नाही. मुलगा एक वेळ जेवला तर मित्र विचारतात तरी. आमच्या खोलीत तिघी जणी एक डबा मागवायचो. दोन भाज्या, सहा पोळ्या, वाटीभर भात आणि तिघी. आम्हाला वाटायचं आम्ही फार हुशारीनं राहतोय. दुसऱ्या वर्षी कॉलेजात तपासणी शिबिर झालं, माझं हिमोग्लोबिन आठ निघालं. जिना चढताना धाप लागायची ते मी अभ्यासाच्या जागरणावर ढकलत होते.

दुसरं म्हणजे मुलींना स्वस्तातली स्वस्त खोली घेता येत नाही. मुलगा कुठेही गल्लीच्या टोकाला कॉट घेतो. आम्हाला रस्त्यावर उजेड आहे का, क्लासहून साडेनऊला परत येता येईल का, दाराला आतून कडी नीट लागते का, हे बघून पाचशे-सातशे जास्त मोजावे लागतात. ते पैसे वायफळ नाहीत, हे तिच्या आई-वडिलांना तुम्हीच सांगा. माझ्या वडिलांना ते कळायला वर्ष लागलं, कारण मी सांगायलाच लाजत होते. पॅडचा खर्चसुद्धा मी दोन वर्षं 'झेरॉक्स' म्हणून लिहीत होते. तिला म्हणावं, खर्चाच्या वहीत जे आहे ते लिही.

आणि स्वस्त लोह हवं असेल तर शेंगदाणे, गूळ, फुटाणे. घरून येताना आईनं दिलेलं शेंगदाणाकूट पंधरा दिवस पुरतं. पण हे दोन वेळच्या जेवणाच्या जोडीला खायचं, जेवणाच्या जागी नाही.

नागसेनवन

मी छत्रपती संभाजीनगरला शिकलो. वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही म्हणून स्वाधार योजनेचा अर्ज केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर जेवण, राहणं आणि निर्वाह यासाठी रक्कम थेट खात्यावर येते. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००. त्यात भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. लहान शहरांत कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीवर आहेत. मराठा आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अण्णा कोणत्या प्रवर्गात बसतात ते मला माहीत नाही, पण यातलं एक तरी दार त्यांच्यासाठी असणार.

आता बालाघाटभाऊंचा मुद्दा इथेही तंतोतंत लागू आहे. मला पैसे मिळाले, पूर्ण मिळाले, पण पहिला हप्ता खात्यावर आला तो मार्चमध्ये. जुलै ते मार्च मी मित्राच्या खोलीत अंगावर चादर ओढून जमिनीवर झोपलो. माझ्या बरोबरचे दोघे डिसेंबरात गावी परत गेले, ते आलेच नाहीत. तीन महिन्यांनी त्यांच्याही खात्यावर पैसे जमा झाले असते. आजही ते आठवलं की मला राग येतो. योजना कागदावर उत्तम आहे, पण भुकेचा हप्ता दर महिन्याला येतो आणि शासनाचा वर्षातून दोनदा, तोही उशिरा.

म्हणून शिष्यवृत्ती धरून बजेट आखू नका. ती आली की मागची उधारी फेडायला आणि पुढच्या जूनला, असंच धरा.

कागदपत्रांचं मात्र आत्ताच बघा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेयर. बँक खातं मुलीच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं. माझा अर्ज एकदा परत आला होता तो केवळ दाखल्यावरच्या नावात वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं होतं म्हणून. सगळ्या कागदांवरची नावं समोर ठेवून एकदा जुळवून बघा. निकालानंतर सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.

रोखठोक

कोणाला दुखवायचं नाही, पण पुण्यालाच का? लातुरात फार्मसीची कॉलेजं आहेत, धाराशिवला आहेत. घरून एसटीनं जाऊन-येऊन करता आलं तर मुलींना तिकीट निम्मं, मासिक पास काढला तर त्याहून कमी. घरचं जेवण. पुण्यात राहण्या-खाण्यावर चार वर्षांत जे तीन-चार लाख जातील त्यात अण्णांची विहीर होईल. आपण शिकलो म्हणजे प्रत्येकानं पुण्याची वाट धरावी असं नाही. मी स्वतः नोकरी करत नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, आज माझं बरं चाललं आहे.

बालाघाट

रोखठोक, मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळला होता. मला स्वतःला पुण्यानं घडवलं म्हणून मी तिलाही तसंच गृहीत धरलं. तिच्याशी आज पुन्हा बोललो. गावाहून लातूरला जायला पहिली गाडी साडेसातला आणि परतीची शेवटची साडेपाचला. प्रात्यक्षिकं पाच-सव्वापाचला सुटतात. म्हणजे लातूरलाही खोली करावीच लागेल, पण ती पुण्याच्या निम्म्यात होईल आणि शनिवारी घरी जाता येईल. पसंतीक्रम भरताना लातूर, धाराशिव आणि पुणे तिन्ही घालायचं असं ठरलंय.

बोलताना आणखी एक लक्षात आलं. मी जून-जून करत होतो, पण फार्मसीच्या प्रवेशाच्या फेऱ्या हल्ली ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. म्हणजे तिला पैसे लागणार ते पोळ्याच्या आसपास. तेव्हा तर आणखी वाईट. खुरपणी आणि फवारणी होऊन गेलेली, सोयाबीन शेंगेत भरत असलेलं आणि हातात एक पैसा नाही. दीड महिन्यानं पैसा येणार हे रानात उभं दिसत असतं, पण कॉलेजच्या काउंटरला उभं पीक चालत नाही.

आजोळ

मी आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमचा सांगोल्याकडचा भाग. त्या उन्हाळ्यात मी आणि थोरला भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. दिवसाला अडीच-तीन रुपये मजुरी पडे आणि खायला सुकडी मिळे. त्या मजुरीतून माझी वर्षाची फी भरली गेली. हाताला घट्टे पडले होते, सुरुवातीचे पंधरा दिवस लेखणी धरवत नव्हती.

राहण्या-जेवणाची सोय झाली ती साताऱ्याला, रयतेच्या कमवा आणि शिका योजनेत. सकाळी शेतावर तीन तास काम, मग आंघोळ, मग तास. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, हे आम्हाला तिथे पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. त्या गोष्टीचा परिणाम असा की ताटात भाकरीचा तुकडा टाकायची कोणाची छाती होत नसे.

मला त्या वसतिगृहाची सर्वांत मोठी देणगी वाटते ती ही की तिथे सगळेच गरीब होते. लपवायचं कोणापासून? सदरा फाटला तर शेजारचा सुईदोरा काढून द्यायचा. तुम्हा मुलांच्या लिहिण्यात मला खर्चापेक्षा लपवण्याचा त्रास जास्त दिसतो. भूक मेलीय म्हणणं, पॅडला झेरॉक्स लिहिणं. हे आमच्या वाट्याला आलं नाही, आणि त्यामुळेच आम्ही तगलो असं मला वाटतं.

त्या मुलीला खोली शोधताना शक्यतो तिच्यासारख्याच परिस्थितीतल्या मुलींबरोबर राहू द्या. पुण्यातच यायचं झालं तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहाची चौकशी करा. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेली संस्था, ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींसाठीच आहे. माझ्या दोन पुतण्या तिथे राहून शिकल्या. मुलाखत असते आणि अर्जाची मुदत चुकवून चालत नाही.

सांजवात

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, माझ्या वडिलांनीही सुकडी खाल्ली होती.

चुलीपाशी

मी मेस चालवते. अठरा वर्षं झाली. एवढं मोठं लिहायची सवय नाही, मुलगा टाइप करून देतोय.

एक वेळची मेस कोण पथ्यासाठी लावतं आणि कोण पैशासाठी, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं. पथ्यवालं पोर सावकाश जेवतं. दुसरं पोर भात तीनदा घेतं आणि खाली बघून जेवतं. त्याला मी आपणहून वाढते, पण विचारत नाही, कारण विचारलं की ते पोर दुसऱ्या दिवसापासून येणंच बंद होतं. असं दोनदा झालंय माझ्याकडे. म्हणून तुम्हीच येऊन सांगा. बालाघाट यांच्या काकूंनी केलं ते पुष्कळ मेसवाल्या करतात. माझ्या वहीत आत्तासुद्धा सात मुलांची उधारी आहे आणि त्यातली सहा नक्की येणार हे मला माहीत आहे.

पण आमचीही बाजू सांगते. किराणा मला रोखीनं आणावा लागतो. गॅसची मोठी टाकी महागली की माझं महिन्याचं गणित मोडतं. जूनमध्ये मलाही अडचण असते, उन्हाळ्याचे दोन महिने पोरं गावी गेलेली असतात, जागेचं भाडं चालू असतं. त्यामुळे जे पोर न सांगता दोन महिने जेवतं आणि फोन बंद करून जातं, त्याच्यामुळे पुढच्या वर्षीच्या खऱ्या गरजू पोराला मी नाही म्हणते. हे मनाला लागतं, पण म्हणावं लागतं.

कामाचं सांगायचं तर, मेस लावताना खाड्याचा नियम आधी विचारा. माझ्याकडे सलग चार दिवस गावी गेलं आणि आदल्या दिवशी सांगितलं तर ते दिवस पुढे धरते. बऱ्याच ठिकाणी धरतात, पण पोरं विचारत नाहीत आणि दिवाळीचे पंधरा दिवस पाण्यात घालवतात. दुसरं, महिन्याचे पैसे एकदम नसतील तर पंधरा-पंधरा दिवसांचे भरू का विचारा. तिसरं, हाताला काम हवं असेल तर तेही विचारा. माझ्याकडे दोन मुली संध्याकाळी दीड तास डबे भरायला येतात, त्यांचं जेवण त्यात निघतं. त्यातली एक परवा तलाठी झाली.

नागसेनवन

मावशी, खाली बघून जेवणारा मीही होतो. नमस्कार.

राईनकाठी

मी जर्मनीत मास्टर्स करतोय. इथली गोष्ट धाग्याला जोडून आहे का असा विचार करत होतो, पण 'मधला काळ' वाचून वाटलं की अगदी तीच आहे.

इथे येण्याआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून दर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. माझ्या वडिलांनी सांगलीतला प्लॉट गहाण टाकून कर्ज काढलं. महिन्याचा खर्च ९९२ मध्ये व्यवस्थित भागतो, मी तर ८५० मध्ये राहतो. पण पहिल्या महिन्यात खोलीचं डिपॉझिट, सेमिस्टरची वर्गणी, आरोग्य विमा, थंडीचं जाकीट एकदम आलं, आणि खात्यातून निघतात तेवढेच ९९२. खात्यावर अकरा हजार असताना मी सहप्रवाशाकडून तीनशे युरो उसने घेतले. बालाघाटदादांच्या वडिलांचं जिल्हा बँकेतलं खातं वाचताना मला तेच आठवलं.

एक गोष्ट मला सहा महिन्यांनी कळली, ती इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलानं लक्षात ठेवावी. जर्मन कायद्यात डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता राहायला जाताना. मी संपूर्ण रक्कम एकदम दिली, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

जेवणाचं म्हणाल तर विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, म्हणजे कॅन्टीनमध्ये, दुपारी तीन-चार युरोत पोटभर होतं. रात्री डाळ-तांदळाची खिचडी, तूरडाळीपेक्षा तुर्की दुकानात मिळणारी मसूर जास्त स्वस्त पडते. महिन्यातून एकदा आम्ही पाच मराठी मुलं मिळून भाकरी करतो. ज्वारीचं पीठ कोणी ना कोणी गावाहून आणलेलं असतं.

रोखठोक

राईनकाठी, हप्त्याची माहिती फार मोलाची. इथेही घरमालकाला विचारून बघायला काय हरकत आहे? कायदा नसेल, पण तोंड आहे. आणि फीचंही तसंच. माझ्या भाचीच्या वेळी कॉलेजनं पूर्ण फी मागितली. आम्ही शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती आणि शासननिर्णयाची प्रत घेऊन प्राचार्यांना भेटलो, उरलेली रक्कम तीन हप्त्यांत करून मिळाली. बरं, ही मुलगी केंद्रीय प्रवेश फेरीतून जाणार असेल आणि अण्णांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल (ते असणारच), तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. संस्था कोट्यातून प्रवेश घेतला तर ते मिळत नाही. त्यामुळे "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्या कोणाच्या नादाला लागू नका.

पुण्याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तुम्ही लातूर यादीत घातलंत हे बरं केलंत.

बालाघाट

सगळ्यांचे आभार. काल रात्री अण्णा, काकू आणि ती, तिघांना फोनवर घेऊन दीड तास बोललो.

अण्णांचा पहिला बेत खाजगी सावकाराकडून चाळीस हजार काढायचा होता, महिना तीन टक्क्यांनी. तो मोडला. त्यांच्याकडे गेल्या हंगामातलं बारा क्विंटल सोयाबीन अजून घरातच आहे. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ जाहीर होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मागत होते म्हणून त्यांनी भाव वाढेल या आशेवर ठेवलं. आता पेरणीला त्यातलं निम्मं विकणार होते. मी म्हटलं, निम्मं पेरणीला आणि निम्मं तिच्या पहिल्या दोन महिन्यांना, भावाची वाट बघू नका. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग काकूच म्हणाल्या, "सोयाबीनला भाव येईल न येईल, पोरीची फेरी परत येणार नाही."

मुलीनं वहीच्या एका पानावर बारा महिने लिहिले. प्रत्येकापुढे घरात काय येतं आणि तिला काय लागतं. ऑगस्ट, सप्टेंबर आणि पुढचा जून या तीन ओळींत येणं शून्य. पहिल्या दोन ओळी सोयाबीनवर निघतील, पुढच्या जूनसाठी फेब्रुवारीच्या तुरीतले पैसे बाजूला काढायचे हे अण्णांनी कबूल केलं. काकूंचं बचत गटाचं कर्जही महिना एक टक्क्यानं मिळतं, ते डिपॉझिटपुरतं घेणार. दाखल्यांची नावं जुळवली, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अण्णांच्या नावात एक काना कमी निघाला. नागसेनवनभाऊ, तुमच्यामुळे. सोमवारी ती शाळेत जाणार आहे.

सांजवातताई, उजेडाच्या रस्त्याचं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सातशे जास्त गेले तर गेले." काकू लगेच असं म्हणतील याची मला अजिबात कल्पना नव्हती.

चुलीपाशी मावशी, ती पुण्यात आली तर तुमच्याकडे डबे भरायला येऊ शकेल का? पोळ्या चांगल्या करते.

चुलीपाशी

पोळ्या कुणीही शिकतं, वेळेवर येईल का तेवढं विचारा. आली की थेट घेऊन या, पहिल्या महिन्याचं आगाऊ मागणार नाही. लातूरलाच लागलं तर माझी धाकटी जाऊ तिथे डबे देते, तिला सांगून ठेवते.

आजोळ

माझ्याकडे नातवाची लोखंडी कॉट, कापसाची गादी आणि एक टेबल-लॅम्प पडून आहे. तो आता बंगळूरला गेला. मुलीचं पुणे ठरलं तर कळवा. कोथरूडहून न्यायला टेम्पो लागेल, त्याचं भाडं मी देईन.

बालाघाट

काका, गादी आणि दिवा लातूरला लागलं तरी नेईन, आमच्या गावचे ट्रॅव्हल्सवाले ओळखीचे आहेत. टेम्पोचं भाडं मात्र माझ्याकडे राहू द्या. यादी लागली की येतो.